आरेखन : ना. रा. भोयर

नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात कामाचं नाव, प्रमाण, तारीख आणि शेवटी तीन ओळी असतात : आरेखन, तपासणी, मंजुरी. ती चौकट सहसा कोणी वाचत नाही. वाचतो तो नकाशा काढणारा, कारण एवढ्या मोठ्या कागदावर त्याची स्वतःची म्हणून तेवढीच अर्ध्या इंचाची जागा असते. नानाजी भोयरांना त्या अर्ध्या इंचासाठी आम्ही नऊ वर्षं ताटकळत ठेवलं. शेवटी जागा दिली, पण ती दिली नसती तर बरं झालं असतं.

आम्ही म्हणजे कोण ते आधीच सांगतो. मी हेमराज, वडनेरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, वर्ध्यातल्या त्या ऑफिसात अकरा वर्षं नोकरीला होतो. साकेत साहेब आमचे मालक, स्थापत्य अभियंते. घरात आजोबांपासून मास्तरकी, त्यामुळे साहेबांच्या तोंडून कधी वावगा शब्द जायचा नाही, आणि म्हणूनच त्यांनी कोणाचं काय केलं हे त्या माणसाला चार दिवसांनी कळायचं. धर्मेंद्र हा त्यांचा साळा. याच्याबद्दल एवढंच पुरे की त्याला हसायला रोज कोणीतरी लागायचं. खताच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. रस्ते, नाल्या, पाटाच्या चाऱ्या यांचे नकाशे आम्ही करून देत असू.

नानाजी मूळचे रोहण्याचे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन ते वर्ध्याला आले, चौदा-पंधरा वर्षं इकडेतिकडे काम केलं आणि एक्क्याण्णव साली साहेबांकडे लागले. मी सत्त्याण्णवला आलो तेव्हा खिडकीजवळचा मोठा ड्रॉइंग बोर्ड त्यांचा होता. सकाळी आल्यावर ते आधी हात धुवायचे, मग पालथ्या मनगटाने ट्रेसिंग पेपर पुसायचे आणि मगच शाईच्या पेनाला हात लावायचे. अक्षर असं की छापलेलं वाटावं. पण त्यांचं खरं कसब वळणावर होतं. रस्ता किंवा नाली वळली की बाकीचे परकारात अंतर धरून टपटप टप्पे मोजायचे. नानाजींच्या खिशात मेण लावलेला काळा दोरा असायचा. तो ते वळणावर अलगद बसवत, दोन्ही टोकांना नखाने खूण करत, मग उचलून पट्टीवर सरळ धरत. तेवढी लांबी घेऊन उतार काढायचा आणि तो आकडा वळणाच्या अंगाने वाकवून लिहायचा.

"पानी वळनावरून चालत जाते, हेमराज," ते मला म्हणायचे. "उडी मारून नाई जात. म्हून लांबी वळनाचीच घ्या लागते."

शेवटची रेघ वाळली की ते सगळा नकाशा परत पहिल्यापासून वाचत. मगच त्या चौकटीत लिहीत : ना. रा. भोयर. वाचल्याशिवाय नाव टाकायचं नाही हा त्यांचा नेम. साहेब घाई करायचे, खाली ठेकेदाराची जीप हॉर्न वाजवत राहायची, नानाजी मात्र आकडा आकडा बोटाने वाचत बसायचे. मला तेव्हा त्याचा रागच यायचा.

बिघडलेल्या प्रिंट ते घरी न्यायचे. त्यांची मुलगी गुंजन तेव्हा सहा-सात वर्षांची होती. त्यांची बायको अनुसयाबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "शायेच्या पुस्तकाच्या आंधी पोरगी त्या कागदावरलं बापाचं नाव वाचाले शिकली." एवढा मोठा कागद घरात उलगडायचा आणि पोरीने रांगत जाऊन कोपऱ्यातलं नाव शोधायचं, हा त्यांच्या घरचा खेळ होता.

नव्व्याण्णवला ऑफिसात कॉम्प्युटर आले. नानाजींचा बोर्ड दोन खोल्यांच्या मधल्या बोळात गेला आणि त्यावर आमचे जेवणाचे डबे बसू लागले. कॉम्प्युटरवरच्या नकाशाची कोरी चौकट धर्मेंद्रने एकदा करून ठेवली आणि तीच प्रत्येक नकाशाला चिकटवायची पद्धत पडली. 'आरेखन'पुढची जागा रिकामी. एका नकाशाला तिघांचे हात लागायचे, मग नाव कोणाचं घालणार? कोणी विचारलंही नाही. नानाजींना काम मिळालं ते प्रिंट आणण्याचं आणि घड्या घालण्याचं. नकाशाची घडी अशी घालतात की कोपऱ्यातली चौकट बरोबर वर यावी. म्हणजे या माणसाने नऊ वर्षं, रोज पंधरा-वीस वेळा, ती रिकामी जागा स्वतःच्या हाताने वर आणून तिच्यावरून हात फिरवला. हे मला आता सुचतंय. तेव्हा मला फक्त घड्या छान दिसायच्या.

गुंजन दहावी झाली आणि तिने सिव्हिलच्या डिप्लोमाला नाव घातलं. बापाचं बघूनच घातलं. पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "बाबा, कॉम्प्युटरच्या नकाशावर तुमचं नाव काऊन नसते?" नानाजी म्हणाले, "येईल." हे त्यांनीच मला बोळात घड्या घालता घालता सांगितलं. वर म्हणाले, "हेमराज, आता पोरीले शब्द देऊन बसलो गा. एक तरी नकाशा पायजे. नावाचा."

ते साहेबांकडे गेले. साहेब हसून म्हणाले, "अहो नानाजी, नाव काय, आत्ता टाकू. आधी कॉम्प्युटरवर काम दाखवा."

आता कोणीही सांगेल की हे नाही म्हणण्याचं सभ्य रूप होतं. नानाजींना मात्र ते वचन वाटलं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. जुन्यात नुसत्या रेघा निघायच्या. यात रेघेला प्रत्येक ठिकाणची उंची देता यायची, आणि रेघेवर क्लिक केलं की तिची माहिती आपोआप लिहिली जायची. त्या लिहिलेल्या मजकुराला लेबल म्हणायचं. सरळ रेघेवर क्लिक केलं की लांबी आणि उतार दोन्ही उमटायचं. वळणावर क्लिक केलं की लांबी यायची, त्रिज्या यायची, उतार यायचा नाही. बनवणाऱ्यांनी तसं तयार लेबल ठेवलंच नव्हतं. धर्मेंद्रने त्यावर तोड काढली होती. दोन टोकांवर क्लिक केलं की मधला उतार सांगणारं दुसरं एक साधन होतं, ते तो वळणालाही वापरायचा. ते साधन दोन टोकांमधलं सरळ अंतर धरतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं का? खरं सांगायचं तर मी विचारच केला नव्हता. आकडा येतो आहे ना, मग झालं.

जेवणाच्या सुट्टीत नानाजी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसू लागले. एका वहीत सॉफ्टवेअरचे इंग्रजी शब्द मराठीत लिहून आणायचे. माऊस धरायचे तो असा दोन बोटांत, जणू चावेल. आम्ही डबे खात खात मजा बघायचो. धर्मेंद्र कधी त्यांच्या माऊसच्या पोटाला चिकटपट्टी लावायचा, कधी पडदा उलटा करून ठेवायचा. नानाजी मान वाकडी करून उलट्या पडद्यावर काम करायला जायचे आणि आमचा घास घशात अडकायचा, हसून. एकदा त्यांचा चष्मा लपवला होता. तो मी लपवला होता.

मग धर्मेंद्रने कळस केला. त्याने त्यांच्या मशीनवरच्या वळणाच्या लेबलात भलताच मजकूर भरून ठेवला. नानाजींनी वळणावर क्लिक केलं तर वळणाच्या अंगाने, सुबक वाकून, अक्षरं उमटली : नानाजी घरी जा. दुसऱ्या वळणावर क्लिक केलं, तेच. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून त्यांनी नकाशातल्या सगळ्या वळणांवर क्लिक केलं. चौदा वळणं होती. चौदाही ठिकाणी 'नानाजी घरी जा'.

"काय म्हन्ते मशीन, नानाजी?" धर्मेंद्र म्हणाला. "आयकून घ्या तिचं. जा घरी, नातवं खेळवा!"

आम्ही पोट धरून हसलो. साहेब आतल्या खोलीच्या दारात आले, पडद्याकडे बघितलं, ओठ दाबत "अरे, काय हे धर्मेंद्र" म्हणाले आणि आत गेले. दार लागल्यावर आतून त्यांचं हसू आम्हाला ऐकू आलं. नानाजींनाही आलं.

नानाजींचे कान लाल झाले होते एवढंच. सुट्टी संपली तरी ते त्या पडद्याकडे बघत होते. संध्याकाळी जाताना त्यांनी मला विचारलं, "हेमराज, धर्मेंद्रनं हे लिवलं कुठी?"

मी म्हणालो, "जाऊ द्या ना नानाजी, गंमत होती."

"गंमतीचं नाई इचारून राह्यलो. लेबलात आपल्याले पायजे ते लिवता येते, असंच ना?"

मी हो म्हणालो. मला वाटलं ते मजकूर पुसणार. त्यांच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. ज्या लेबलात 'घरी जा' लिहिता येतं, त्यात वळणाचा उतारही लिहिता आला पाहिजे.

पुढचे दोन महिने त्यांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. लेबलाचा मजकूर जिथे भरतात ती खिडकी त्यांना सापडली. तिथे एक यादी होती : वळणाची लांबी, त्रिज्या, सुरुवातीची उंची, शेवटची उंची. उतार नव्हता. पण सॉफ्टवेअरला आपलं स्वतःचं गणित घालून देता येतं, हे त्यांनी गुंजनच्या कॉलेजातल्या एका पुस्तकावरून शोधून काढलं. सुरुवातीच्या उंचीतून शेवटची उंची वजा करायची आणि वळणाच्या लांबीने भागायचं. हे तर ते तीस वर्षं दोऱ्याने करत आले होते. कंस कुठे उघडायचा, कुठे बंद करायचा, यात पंधरा दिवस गेले. मग ते अक्षर वळणाच्या अंगाने बसवायचं, बाण उताराच्या दिशेला फिरवायचा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी वळणावर क्लिक केलं आणि उतार उमटला. त्यांनी लगेच प्रिंट काढली, दोरा बसवला, पट्टीवर धरला, कागदावर भागाकार केला. आकडा जुळला. त्यांनी तो तीन वळणांवर ताडून बघितला. मग खुर्ची मागे सारून ते उगाचच उभे राहिले आणि परत बसले.

साहेबांना दाखवलं तेव्हा मी तिथे होतो. नानाजी म्हणाले, "साहेब, हे पाहा. आता वळनाचा उतार बरोबर येते. आन् आपलं जुनं जे दोन टोकांचं हाये ना, ते चुकते. सरळ अंतर धरते ते. ज्या नाल्या गेल्या ना आपल्याकडून, त्या एकदा तपासा लागतील."

साहेबांना गोम तत्काळ कळली. चेहरा जरा उतरला. मग ते म्हणाले, "छान केलंत. हे लेबल सगळ्या मशीनवर टाका, धर्मेंद्र. आणि हेमराज, तू जुने नकाशे बघून घे."

"आन् साहेब, नावाचं..." नानाजी म्हणाले.

"टाकू ना, नानाजी. पुढचा एखादा चांगला नकाशा येऊ द्या."

जुन्या नकाशांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आठवडाभर पडून होता. सदुसष्ट नकाशे. मी वरचे चार उघडले, त्यात वळणं किरकोळ होती, चूक सेंटिमीटरभराचीही नव्हती. पाचवा उघडला नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, बघितले, सगळं ठीक आहे. नानाजींनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं बापा. मले तं घोर लागला होता."

त्या गठ्ठ्यात आष्टी तालुक्यातल्या एका गावच्या आठवडी बाजाराची नाली होती. बाजाराच्या मैदानाला अर्धगोल वळसा घालून ती नाल्याला मिळत होती. धर्मेंद्रने मार्चमध्ये काढलेला नकाशा. दोन टोकांमध्ये सरळ अंतर साठ मीटर, वळणावरून चौऱ्याण्णव. दोन टोकांच्या उंचीत फरक तीस सेंटिमीटर. धर्मेंद्रच्या साधनाने साठाने भागून उतार सांगितला : शंभर मीटरला पन्नास सेंटिमीटर. खरा होता बत्तीस. खालच्या टोकाची पातळी नकाशात बारीक अक्षरात होती, पण मुकादमाने ठळक अक्षरातला उतार धरला आणि वरच्या टोकापासून वळणावळणाने खोदत आला. तळ सतरा सेंटिमीटर खाली गेला. पुढचं तोंड वर, मागची नाली खाली. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात बांधकाम झालं, पावसाळ्यात ती भरली ती उतरलीच नाही. बाजाराची घाण तिथेच कुजू लागली. मग एका बाजाराच्या दिवशी धुरपता नावाची भाजीवाली म्हातारी पाठीमागे सरकताना त्या काळ्या पाण्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ती पुढे उठली नाही म्हणतात. गावाने आरडाओरडा केला, चौकशी लागली. ठेकेदाराने नकाशा पुढे केला : जो उतार लिहिला होता तोच दिलाय.

चौकशीवाल्यांनी आमच्याकडे मूळ नकाशा मागितला, आरेखकाच्या सहीसह.

साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर नकाशा पसरलेला होता. धर्मेंद्र खुर्चीत बसून नखं खात होता. इतक्या वर्षांत त्याला न हसताना मी पहिल्यांदा बघितलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तपासलेस म्हणाला होतास."

मी नकाशाचा मुडपलेला कोपरा सरळ करू लागलो.

"म्हणजे तुलाही गप्प राहणं बरं," साहेब म्हणाले. "नानाजींना बोलव."

नानाजी आले. चौकशीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी त्यांना स्वतः खुर्ची ओढून दिली. "बसा. नानाजी, ही फाईल वर जायची आहे आणि मूळ प्रतीवर आरेखकाचं नाव लागतं. लेबल तुमचं, वळणाचं काम तुमचं. मला वाटलं, नाव तुमचंच असावं. नऊ वर्षं राहून गेलंय."

मी शाईचं पेन घेऊन उभा होतो. साहेबांनीच ते मला धरायला सांगितलं होतं. नानाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा तोंड उघडलं असतं, दोन शब्द बोललो असतो, तरी पुरलं असतं. 'वाचून घ्या' हे दोनच शब्द. मी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी पालथ्या मनगटाने कागद पुसला आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं : ना. रा. भोयर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाचता नाव टाकलं. आपलंच लेबल आहे म्हटल्यावर वाचायचं काय? पोरीला दिलेला शब्द पुरा होत होता, त्या आनंदात कोणाचं लक्ष आकड्याकडे गेलं असतं?

"साहेब, याची एक कॉपी भेटंन का?" त्यांनी विचारलं. "पोरीले दाखवाची हाये."

"अरे, एक काय, दोन घ्या," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानाजी ऑफिस उघडायच्या आधीच जिन्यात उभे होते. हातात ती कॉपी. मी वर चढत होतो, त्यांनी मला थांबवलं. घरी काय झालं ते त्यांनी तिथेच सांगितलं. गुंजनने नकाशा भिंतीला लावला, आईला बोलावून कोपरा दाखवला. अनुसयाबाईंनी साखर वाटीत घेऊन दोघांच्याही हातावर ठेवली. मग पोरगी कौतुकाने बापाचं लेबल वाचायला गेली. वळणाची लांबी वाचली, दोन्ही टोकांच्या उंची वाचल्या, कागदावर भागाकार केला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं लेबल नोहे. हे सरळ अंतरानं काढलं हाये. आन् तारीख पाहा ना, मार्चची हाये. तुमचं तं दिवाळीले झालं."

"हेमराज," नानाजी म्हणाले, "तू तं तपासले होते ना रे?"

मी म्हणालो, "नानाजी, मला उशीर होतोय." आणि वर गेलो. माझ्या मागून तेही आले.

साहेबांसमोर त्यांनी कॉपी उलगडली. "साहेब, चूक हाये हा नकाशा. मी काढला नाई. माहं नाव खोडा."

साहेबांनी शांतपणे विचारलं, "अक्षर कोणाचं आहे, नानाजी?"

"माहंच हाये. पण तुमी म्हनले..."

"तुम्ही तीस वर्षांचे ड्राफ्ट्समन. न वाचता नाव टाकलंत, असं वर सांगू का मी?"

नानाजींनी खिशातून ब्लेडचं पान काढलं. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली शाई ब्लेडने खरवडून काढतात, ते पान जुन्या सवयीने त्यांच्या खिशात असायचं. "मूळ कागद द्या. मी माहं माहं खरवडून काढतो. कोनाचं नाव नाई सांगत. पन माहं नका ठेवू. पोरीनं पाह्यलं हो साहेब."

"कागद कालच गेला," साहेब म्हणाले. "चहा घ्या आणि घरी जा."

धर्मेंद्र फिस्कन हसला. घरी जा, हे ऐकून. त्याला ती चौदा वळणं आठवली. मलाही आठवली. मी हसलो नाही, आणि त्याचा मला काही मोठेपणा वाटून घ्यायचा नाही.

पंधरा दिवसांनी चौकशीवाल्यांना पत्र गेलं. मीच टाईप केलं. 'सदर चूक आरेखक श्री. ना. रा. भोयर यांच्या निष्काळजीपणामुळे घडली असून त्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे.' एकही शब्द चुकला नाही. तपासून घे म्हणून साहेबांनी सांगितलं होतं, आणि हे पत्र मात्र मी दोनदा तपासलं. जिल्ह्यात नकाशे काढणारी ऑफिसं मोजकीच, आणि त्या सगळ्यांत ही बातमी पत्राच्या आधी पोचली. बाजाराच्या गावात तर लोकांना नाव पाठ झालं. म्हातारीचा मुलगा एकदा वर्ध्याला येऊन नानाजींच्या दारात थुंकून गेला, असं अनुसयाबाईंनी खालच्या खतवाल्याला सांगितलं. नानाजी त्याला सांगणार तरी काय? नाव तर त्यांचंच होतं. दोघं रोहण्याला निघून गेले, गुंजन होस्टेलवर राहिली. रोहण्यात ते आता दुकानांच्या पाट्या रंगवतात असं ऐकलं. गावातली रिकामटेकडी माणसं त्यांना 'इंजिनिअर' म्हणतात आणि नाली कोणीकडून काढायची ते विचारतात.

नानाजींचं लेबल मात्र ऑफिसात राहिलं. वळणावर क्लिक केलं की आजही बरोबर उतार उमटतो. धर्मेंद्रने त्याला स्वतःचं नाव दिलं आहे.

हे इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत साकेत साहेबांना जिल्ह्यातल्या एका डिप्लोमा कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं. शेवटच्या वर्षाची मुलं, विषय : नकाशातल्या चुका. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळायला मी बरोबर. कॉलेजच्या मास्तरांनी हजेरीचा कागद साहेबांच्या हातात दिला, तो साहेबांनी हौसेने स्वतः वाचला. चौथं का पाचवं नाव होतं, "भोयर गुंजन नानाजी."

"येस सर," पहिल्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

साहेब पुढचं नाव वाचू लागले. सतरा वर्षं तो माणूस त्यांच्याकडे राबला, त्याच्या पोरीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. बापाचं नाव तर त्यांनी आत्ताच मोठ्याने वाचलं होतं, तेही त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही. पुढे काय दाखवायचं आहे हे मला ठाऊक होतं. सगळं मीच लॅपटॉपमध्ये भरलं होतं.

दहा मिनिटांनी बाजाराच्या नालीचा नकाशा भिंतीएवढा मोठा होऊन पडद्यावर आला. कोपऱ्यातली चौकट झाकायचं कोणाला सुचलं नव्हतं. अक्षरं वीतवीत मोठी दिसत होती. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, मग माना एकेक करून त्या मुलीकडे वळल्या. ती पडद्याकडे बघत होती.

"हा आमच्याकडच्या एका जुन्या आरेखकाचा प्रताप," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर कळत नसताना कॉम्प्युटरवर बसलं की काय होतं ते बघा. एका बाईचा जीव गेला यात. कोण सांगेल चूक कुठे आहे?" कोणी हात वर केला नाही. साहेबांनी पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं. "तू सांग, बेटा."

गुंजन उभी राहिली. आवाज स्पष्ट होता, शब्द नीट पुस्तकातले होते. "सर, दोन टोकांमधलं सरळ अंतर धरून उतार काढला आहे. वळणाची लांबी धरायला पाहिजे होती. खरा उतार शंभर मीटरला बत्तीस सेंटिमीटर येतो."

साहेब चकित झाले. कागद नाही, पेन नाही, मुलीने आकडा सांगितला. "शाबास! बघा, तीस वर्षं काम केलेल्या माणसाला जे कळलं नाही ते हिला कळलं. कोणी शिकवलं तुला?"

"बाबांनी," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं. ती मला ओळखत होती. मी काय न तपासता ठीक आहे म्हणालो होतो, कोणाच्या हातात पेन दिलं होतं, हे सगळं तिच्या घरी माहीत होतं. ती थांबली. वर्गात कोणीतरी काहीतरी बोलेल, निदान मी तरी बोलेन, म्हणून ती थांबली असावी. मी लॅपटॉपच्या वायरकडे बघत राहिलो.

"वा," साहेब म्हणाले, "असे वडील प्रत्येकाला मिळायला हवेत. बस, बेटा. हेमराज, पुढचं."

मी कळ दाबली.